फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्वचेचा रंग का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे. फुफ्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर (झपाट्याने वाढणारा प्रकार) असल्याचं बायोप्सीत नुकतंच कळलं, पहिली केमो अजून व्हायची आहे. दोनेक महिन्यांपासून चेहरा आणि हात काळवंडत चाललेत, आणि आता घरच्यांना डोळे पिवळट वाटतायत. हा रंगबदल कॅन्सरचा आहे का? आणि असेल तर आता हाताबाहेर गेलं असं समजायचं का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हो, कॅन्सरमुळे त्वचेचा रंग बदलू शकतो. तुमच्या वडिलांची औषधं अजून सुरूच झालेली नाहीत, त्यामुळे काळवंडण्याचं खापर केमोवर फोडता येणार नाही. त्यांचा रक्तदाब, सोडियम, पोटॅशियम, साखर, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि सकाळचं कॉर्टिसोल (किडनीवरच्या ग्रंथींचं हार्मोन) या तपासण्या पहिल्या केमोच्या आधीच व्हायला हव्यात. पुढच्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा. आणि नाही, रंग बदलला म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही. यातली काही कारणं उपचारांनी चांगली आटोक्यात येतात, फक्त ती वेळेत ओळखावी लागतात.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा स्वतःचा असा कुठलाही रंग नाही. कातडी पिवळी, काळी, निळसर, लालभडक किंवा पांढरीफटक होऊ शकते, आणि प्रत्येक रंगामागे शरीरातली वेगळी जागा असते. पिवळ्यामागे यकृत किंवा पित्ताची वाट, काळ्यामागे बहुतेकदा हार्मोन, निळसर-लाल सुजलेल्या चेहऱ्यामागे छातीतली दबलेली शीर. म्हणून ‘रंग बदलला’ एवढंच सांगून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. कुठला रंग, कुठे, किती दिवसांत आणि सोबत आणखी काय, हे सांगितलंत की अर्धं निदान तिथेच होतं.

सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर गालाकडे पाहून रंग कळत नाही. पिवळेपणा डोळ्यांत बघायचा, निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला, फिकटपणा खालची पापणी ओढून आणि तळहातावर. काळवंडणं बघायचं ते तळहाताच्या रेषांत, बोटांच्या पेरांवर, हिरड्यांवर आणि जुन्या व्रणांवर. बघताना खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसवा. पिवळसर बल्बखाली बघून घाबरलेली आणि त्याच बल्बमुळे खरी कावीळ निसटलेली, अशी दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत.

आता काळवंडण्याबद्दल. तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही याच लक्षणाकडे. माणूस आजारी आहे, वाळलाय, म्हणून काळा पडला, असं घरचे म्हणतात आणि डॉक्टरही कधी कधी मान डोलावतात.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन बनवते. ते रक्तातून किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना ‘कॉर्टिसोल बनवा’ असा हुकूम देतं. हे हार्मोन एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार होतं, आणि त्याच प्रथिनातून त्वचेला रंग बनवायला लावणारं एमएसएच हार्मोनही निघतं. दोघं इतके जवळचे आहेत की एसीटीएचच्या ३९ अमिनो आम्लांपैकी पहिली १३ अल्फा-एमएसएचमध्ये त्याच क्रमाने असतात. त्यामुळे रक्तात एसीटीएच खूप वाढलं की त्वचेतल्या रंगपेशींना तोच निरोप पोचतो आणि त्या जास्त मेलॅनिन बनवायला लागतात.

स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशींमध्ये हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे गुण असतात. त्यातल्या थोड्या रुग्णांमध्ये गाठ स्वतःच एसीटीएच सोडायला लागते, आणि तिच्यावर पिट्युटरीचा कसलाही ताबा नसतो. फुफ्फुसातल्या कार्सिनॉइड नावाच्या, हळू वाढणाऱ्या गाठीही हे करतात. कॉर्टिसोल बेसुमार वाढतं आणि सोबत कातडी काळी पडत जाते. पुस्तकात कॉर्टिसोल वाढल्याचं चित्र म्हणजे गोल चेहरा, सुटलेलं पोट, पोटावर जांभळे पट्टे. स्मॉल सेलमध्ये बहुतेकदा ते दिसत नाही, कारण आजार इतका झपाट्याने वाढतो की ते चित्र तयार व्हायला वेळच मिळत नाही. उलट वजन उतरतं. दिसतं ते वेगळंच: पायांवर सूज, अचानक वाढलेला रक्तदाब, आधी नसलेली किंवा एकदम बिघडलेली साखर, आणि मांड्यांमधली ताकद गेल्यामुळे खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं. रक्तात पोटॅशियम घसरलेलं असतं. ३.५ ते ५ ही साधारण पातळी. या रुग्णांमध्ये ते ३ च्या खाली गेलेलंही आढळतं, आणि त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

एक गृहस्थ मला आठवतात. खोकला, वजन उतरलेलं, आणि बायकोची तक्रार अशी की ‘यांचे हात मळल्यासारखे दिसतात, कितीही धुतले तरी’. मी हात उजेडात उलटे-सुलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांवर गडद डाग, तळहाताच्या रेषा पेनाने ओढल्यासारख्या काळ्या. पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा जुना व्रण होता, तो इतकी वर्षं फिकट होता आणि आता तपकिरी झाला होता. पोटॅशियम मागवलं, ते २.४ आलं. गाठ सीटी स्कॅनवर नंतर दिसली. त्या बाईंचं निरीक्षण कुठल्याही तपासणीपेक्षा आधी अचूक ठरलं होतं, आणि म्हणूनच घरच्यांनी सांगितलेल्या अशा बारीक गोष्टी मी कधी उडवून लावत नाही.

काळवंडण्याचं दुसरं कारण याच्या अगदी उलट आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये पसरणं ही नेहमीची गोष्ट. त्यातून ग्रंथींचं काम बंद पडणं मात्र क्वचितच होतं, कारण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या ग्रंथींचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग निकामी व्हावा लागतो. तसं झालंच तर कॉर्टिसोल कमी पडतं. ते कमी पडलं की पिट्युटरी जिवाच्या आकांताने एसीटीएच सोडत राहते आणि कातडी पुन्हा काळी पडते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या आजारातलं हे काळवंडणं मांडलं, म्हणून या अवस्थेला त्यांचं नाव आहे. यात रक्तदाब खाली असतो, उभं राहिलं की चक्कर येते, उलट्या होतात, खारट खावंसं वाटतं, सोडियम उतरतं आणि पोटॅशियम चढतं.

म्हणजे रंग तोच, पण एकात कॉर्टिसोल ओसंडून वाहतंय आणि दुसऱ्यात ते आटलंय. पहिल्यात ते दाबणारी औषधं द्यायची, दुसऱ्यात तेच हार्मोन बाहेरून द्यायचं, आणि रुग्ण शॉकमध्ये असेल तर रिपोर्टची वाट न बघता लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. रंगाकडे बघून यातलं कुठलं आहे हे सांगता येत नाही. ते रक्तदाब आणि पोटॅशियम सांगतात. या दोन साध्या तपासण्या कुठल्याही छोट्या दवाखान्यातून सहज होण्यासारख्या आहेत, म्हणून मी त्यांच्यासाठी एवढा आग्रह धरतोय.

उलटंही लक्षात ठेवा: कातडी काळी पडली नाही म्हणजे कॉर्टिसोल पुरेसं आहे असं नाही. मेंदूच्या सुजेसाठी बरेच दिवस चालू असलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अचानक थांबवलं, किंवा इम्युनोथेरपीमुळे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांमुळे) पिट्युटरीलाच सूज आली, तर कॉर्टिसोल तितकंच धोकादायक पातळीवर उतरतं. पण तिथे एसीटीएचही कमी असतं, त्यामुळे रंग बदलत नाही.

हिरड्यांबद्दल एक खुलासा. सावळ्या माणसांच्या हिरड्यांवर तपकिरी-काळे पट्टे जन्मापासून असू शकतात, त्यात आजार काही नाही. महत्त्व आहे ते नव्याने आलेल्या डागांना. जुने, मोकळं हसतानाचे फोटो काढून बघा. फोटोंचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

मान आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळी कातडी होणं हा वेगळा प्रकार आहे. तरुणपणापासून हळूहळू आलेली, वजन जास्त असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाची काळी मान कॅन्सरची नसते. तिचा संबंध इन्सुलिनशी असतो. साठीच्या, वजन घटत चाललेल्या माणसाला काही आठवड्यांत ती यायला लागली, खाज सुटली, ओठ-तोंडापर्यंत पसरली, तर मात्र शोध घ्यावा लागतो. त्यात जठराचा कॅन्सर जास्त आढळतो, पण फुफ्फुसाचाही सापडतो. आणि तळहात जाड, मखमली होऊन रेषा खोल उठून दिसायला लागल्या, बाकी कुठे काही नाही, तर पहिला संशय फुफ्फुसावर घ्यायचा.

आता डोळ्यांचा पिवळेपणा. रक्तात बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असतं. ते २ ते ३ च्या घरात गेलं की डोळ्यांत दिसायला लागतं, कातडीवर त्यानंतर. घरी बघायचं असेल तर माणसाला वर बघायला सांगा आणि खालची पापणी हलकेच खाली ओढा. डोळ्याचा जो भाग एरवी पापणीखाली झाकलेला असतो तोही सारखाच पिवळा असेल तर ती कावीळ. फक्त बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, उघड्या राहणाऱ्या भागातच, मळकट तपकिरी छटा असेल तर ती बहुतेक वेळा ऊन-धुळीने वर्षानुवर्षं जमलेली असते आणि सावळ्या माणसांमध्ये ती अगदी सर्रास दिसते. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांत यातलं काय आहे ते आजच बघता येईल.

लघवी आणि शौच यांचा रंगही विचारून घ्या. बहुतेक वडीलधारी माणसं हे आपण होऊन सांगत नाहीत. लघवी गडद, शौच मातीसारखं फिकट आणि अंगाला खाज, हे तिन्ही एकत्र आलं तर पित्ताची वाट अडली आहे असं धरून चालतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये यकृताच्या दाराशी असलेल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) सुजून पित्तनलिका दाबतात, किंवा स्मॉल सेल प्रकारात स्वादुपिंडात गाठ पसरून तीच नलिका बंद होते. सोनोग्राफीत हे कळतं, आणि दुर्बिणीतून स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून वाट मोकळी करता आली तर बिलिरुबिन उतरतं आणि केमोचा रस्ता खुला होतो. यकृतातच असंख्य गाठी पसरल्यामुळे आलेली कावीळ जास्त गंभीर. यकृताकडे राखीव ताकद भरपूर असते, त्यामुळे दोन-चार गाठींनी कावीळ होत नाही. ती झाली म्हणजे यकृताचा बराच भाग व्यापला गेलाय. पण तिथेही स्मॉल सेलची गोष्ट जरा वेगळी आहे: हा कॅन्सर पहिल्या केमोला बहुतेकदा पटकन दाद देतो, आणि अशा रुग्णांमध्ये औषधांचे डोस जपून ठरवून उपचार करायचे की नाही हा निर्णय तुमचे कॅन्सरतज्ज्ञ प्रकृती बघून घेतील. तो निर्णय इंटरनेटवरून घेऊ नका, माझ्या या उत्तरावरूनही नको.

औषधांनीही कावीळ होते. क्षयरोगाच्या गोळ्या, पॅरासिटामॉलचा जादा डोस, आणि घरच्यांनी मायेने सुरू केलेली जडीबुटीची चूर्णं, ज्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. ती चूर्णं डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून लपवली जातात आणि मग यकृत का बिघडलं याचा शोध चुकीच्या दिशेने जातो. (क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर लघवी नारिंगी-लाल होतेच, ती कावीळ नव्हे.)

तळहात-तळपाय पिवळे-नारिंगी आणि डोळे मात्र पांढरेशुभ्र, असं असेल तर गाजराच्या रसाची चौकशी करा. कॅन्सर कळला की अनेक घरांत रोज पेले भरभरून तो रस सुरू होतो आणि त्यातलं कॅरोटीन कातडीत साठतं. रंग निरुपद्रवी आहे, रस कमी केला की उतरतो. पण बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मात्र घेऊ नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला होता.

तुमच्या वडिलांना हे नसेल, पण त्यांच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते लक्षण असं: सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, तांबूस-जांभळा, डोळ्यांभोवती फुगवटा, शर्टाचं कॉलरचं बटण अचानक लागेनासं होणं. डोकं, मान आणि दोन्ही हातांतलं रक्त हृदयाकडे आणणारी एक मोठी शीर छातीत उजव्या बाजूने खाली उतरते. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी, त्यामुळे शेजारची गाठ किंवा सुजलेल्या लसिकाग्रंथी तिला सहज चेपतात. रक्त वरच तुंबतं. वाकलं किंवा आडवं झालं की चेहरा आणखी लाल होतो आणि डोकं जड होतं. काही दिवसांत छातीच्या कातडीवर निळ्या शिरांचं जाळं दिसायला लागतं, कारण रक्त आडवाटांनी हृदयाकडे जायला बघतं. ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा कारण होतं महाधमनीचा फुगवटा. आज बहुतांश वेळा कारण कॅन्सर असतं आणि त्यात फुफ्फुसाचा सगळ्यात पुढे.

तपासणीसाठी साधी युक्ती आहे: दोन्ही हात डोक्याच्या वर, कानांना लागतील असे मिनिटभर धरायला सांगायचे. चेहरा लालभडक किंवा निळसर व्हायला लागला, श्वास अडखळला, तर शीर दबली असल्याचा संशय बळावतो. आधीच धाप लागत असेल तर घरी हा प्रयोग करू नका. सरळ रुग्णालय गाठा. श्वास घेताना घरघर किंवा शीळ वाजल्यासारखा आवाज, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हे असेल तर एक तासही थांबायचं नाही. नेताना उशाकडची बाजू उंच ठेवा, बसतं करून न्या. आणि तिथल्या नर्सला सांगा की चेहरा-हात सुजलेत, सलाईनची सुई हाताला न लावता पायाला लावता येते का ते डॉक्टरांना विचारा. घाईच्या खोलीत ही गोष्ट राहून जाते. उपचार चांगले आहेत: शिरेत स्टेंट टाकला तर सूज बऱ्याचदा एक-दोन दिवसांतच उतरायला लागते, आणि स्मॉल सेलमध्ये केमोनेही शीर मोकळी होते.

निळेपणा हा आणखी निराळा. रक्तात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या आसपास गेलं की जीभ आणि ओठ निळसर दिसतात. गाठीमुळे फुफ्फुसाचा एखादा भाग मिटणं, छातीत पाणी होणं, न्यूमोनिया, फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी, अशी कारणं असतात. फक्त बोटं आणि नखं निळी, हात गार, पण जीभ गुलाबी, तर तो बहुतेकदा थंडीचा किंवा रक्ताभिसरण मंदावल्याचा परिणाम. यात एक फसवणूक दडलेली आहे. कॅन्सरच्या रुग्णात रक्त कमी असतं. हिमोग्लोबिनच ७ असेल तर त्यातलं ५ ऑक्सिजनशिवाय होईपर्यंत माणूस जगणंच कठीण, म्हणजे तो निळा न पडताच गुदमरू शकतो. म्हणून ‘निळा पडला नाही ना, मग ठीक आहे’ असं म्हणू नका, धाप मोजा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे मिटून विसंबू नका: गडद कातडीवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, आणि नेलपॉलिश लावलेल्या बोटावर चुकू शकतो. आकडा ९४ दिसतोय आणि माणूस दोन वाक्यं सलग बोलू शकत नाही, तर माणसावर विश्वास ठेवा.

फिकटपणाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे: आजारामुळे, केमोमुळे किंवा हाडांच्या मगजात कॅन्सर गेल्यामुळे रक्त कमी होतं. केमोनंतर कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, विशेषतः पायांवर, दिसले आणि ते दाबून फिके झाले नाहीत, तर प्लेटलेट्स त्याच दिवशी तपासा. एकच पाय सुजून लालसर-निळसर, गरम झाला तर शिरेत गुठळी झाली असेल. तो पाय चोळू नका, मालीश तर नकोच.

चेहऱ्याचा अर्धाच भाग लाल होणं, घाम एकाच बाजूला येणं, हे दिसलं की लोक ते कुशीवर झोपल्यामुळे झालं समजतात. फुफ्फुसाच्या अगदी टोकाला असलेली गाठ घाम आणि बाहुली सांभाळणाऱ्या मानेतल्या सिंपथेटिक नसांना दाबते तेव्हा त्या बाजूचा चेहरा कोरडा आणि फिका राहतो, पापणी किंचित उतरते, बाहुली लहान होते. श्रमाने किंवा उष्णतेने दुसरी बाजू मात्र लाल होऊन घामाघूम होते. म्हणजे जी बाजू वेगळी, लाल दिसते ती निरोगी असते. सोबत खांदा आणि हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत कळ येत असेल, आणि महिनोन्‌महिने त्यावर सांधेदुखीचे उपचार चालू असतील, तर छातीचा सीटी स्कॅन मागून घ्या. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी या टोकाच्या गाठींबद्दल १९२४ आणि १९३२ मध्ये लिहिलं. त्या अजूनही उशिरा सापडतात, कारण खोकला नसतो.

वरच्या पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर लाल-जांभळे उंचवटे, मान-खांद्यांवर शालीसारखा पसरलेला लालपणा आणि जिना चढताना मांड्या साथ न देणं, हा डर्माटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा आणि स्नायूंना सूज आणणारा आजार. प्रौढ वयात तो नव्याने झाला तर कॅन्सरचा शोध घेणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि शोधायच्या यादीत फुफ्फुस असतंच. सावळ्या कातडीवर ही जांभळट झाक साधी काळी वर्तुळं वाटू शकते, तेव्हा रंगापेक्षा मांड्यांच्या अशक्तपणाकडे लक्ष द्या. कातडीखाली टणक, न दुखणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या लालसर किंवा कातडीच्याच रंगाच्या गाठी डोक्यावर, छातीवर, पाठीवर आल्या तर कॅन्सर त्वचेत पसरला असण्याची शक्यता असते. त्यातून बायोप्सी घेणं सोपं असतं. निदानच झालेलं नसेल अशा वेळी तर फुफ्फुसात सुई घालण्यापेक्षा तो मार्ग रुग्णाला फार सुसह्य.

तुम्ही विचारलंत की हे शेवटचं लक्षण तर नाही ना. आयुष्याच्या अगदी अखेरच्या तासांत किंवा दिवसांत गुडघे आणि पावलं गार पडतात, त्यांवर जाळीदार निळसर-जांभळे चट्टे उठतात. तो रंगबदल वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा असतो, आणि तोवर माणूस बहुतेक वेळ झोपेतच असतो. दोन महिन्यांत हळूहळू काळवंडलेला, चालता-बोलता, केमोची वाट बघणारा माणूस त्या टप्प्यावर नसतो.

पुढे उपचार सुरू झाल्यावर नवे रंग दिसतील, त्यांची तयारी आत्ताच ठेवा. केमोने नखांवर काळे किंवा पांढरे आडवे पट्टे येतात, शिरा काळपट दिसतात, कातडी उन्हात लवकर करपते. रेडिएशन घेतलेला छातीचा चौकोन दोन-तीन आठवड्यांनी लाल होतो, मग काळा पडतो, सोलतो आणि काही महिन्यांत निवळत जातो. स्मॉल सेलमध्ये केमोसोबत इम्युनोथेरपी दिली तर अंगावर पुरळ, खाज, आणि क्वचित पांढरे डागही येऊ शकतात. डोळे त्या काळात पिवळे झाले तर औषधाने यकृताला सूज आली आहे का ते आधी बघावं लागतं, कारण तेव्हा औषध थांबवून स्टिरॉइड द्यायची वेळ येऊ शकते.

फुफ्फुसाच्या दुसऱ्या (नॉन-स्मॉल सेल) प्रकारच्या कॅन्सरमध्ये, जिथे ईजीएफआर नावाच्या जनुकातल्या बदलावर जेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ओसिमर्टिनिबच्या गोळ्या देतात, तिथे पहिल्या काही आठवड्यांतच चेहरा-छातीवर मुरुमांसारखं पुरळ येतं आणि मागे काळे डाग राहतात. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी या गोळ्या चालू आहेत त्यांना कळकळीने सांगतो: पुरळ आलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि मलम यांनी ते आवरतं. मुरुमांची दुकानी क्रीमं लावू नका, ती कातडी आणखी कोरडी करतात. कुठलंही औषध चालू असताना ताप, तोंडात-डोळ्यांत फोड आणि कातडी सुटून येणं, असं झालं तर मात्र पुढचा डोस न घेता थेट रुग्णालयात जा.

तुमच्या वडिलांकडे परत येतो. उद्या जाताना वर्षभरापूर्वीचा, दिवसाच्या उजेडातला त्यांचा एक फोटो न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, रस, काहीही वगळू नका. डॉक्टरांना तळहाताच्या रेषा आणि हिरड्या मुद्दाम दाखवा. ते गर्दीत विसरले तर तुम्ही आठवण करा, त्यात अपमान होण्यासारखं काही नाही. विचारा की पोटॅशियम आणि रक्तदाब कसा आहे, आणि कॉर्टिसोलसोबत एसीटीएचही तपासायला हवं का. एसीटीएच गाठीतून येत असेल तर कॉर्टिसोल दाबणारी औषधं केमोच्या आधी किंवा सोबत सुरू करावी लागतात, कारण कॉर्टिसोल चढलेलं असताना केमो दिली तर जंतुसंसर्गाचा धोका बराच वाढतो. त्यातलं केटोकोनॅझोल यकृताला त्रास देणारं आहे, म्हणून बिलिरुबिनचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय ते सुरू होऊ नये. आणि आज रात्री वडिलांना खूप अशक्तपणा वाटला, छातीत धडधडलं, उलट्या झाल्या, उभं राहताना भोवळ आली किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत घेऊन जा आणि दारातच सांगा: स्मॉल सेल कॅन्सर आहे, अंग काळवंडलंय, पोटॅशियम अजून तपासलेलं नाही.